पाचर निसटते ती ओझ्याच्या वजनामुळे नव्हे

‘ओझं जितकं जड, तितकी खालची पाचर निसटण्याची भीती जास्त.’ हा समज जुना आहे, आणि ऐकताक्षणी पटतो. गणित मांडलं की मात्र वजन त्यातून गळून पडतं.

पाचरेला बाहेर ढकलणारं बल ओझ्याबरोबर वाढतं, हे खरंच. पण तिला धरून ठेवणारं कमाल घर्षणही त्याच पटीत वाढतं. ओझं दुप्पट, तर दोन्ही दुप्पट. उरतो फक्त कोन. पृष्ठ हळूहळू तिरपं करत गेलं की ज्या कोनाला त्यावरची वस्तू घसरू लागते, तो घर्षणकोन. पाचरेचं स्वतःचं वजन नगण्य धरलं, तर वरच्या आणि खालच्या पृष्ठांच्या घर्षणकोनांची बेरीज पाचरेच्या कोनापेक्षा जास्त असली की ती हलत नाही. घर्षणगुणांक (कमाल घर्षण भागिले पृष्ठाला लंब असलेलं बल) ०.३ घ्या: घर्षणकोन सुमारे १६.७ अंश, दोन्हींचा मिळून ३३ च्या वर. १० अंशांची पाचर निवांत बसते. (ठोकायला लागणारा जोर मात्र ओझ्याप्रमाणे वाढतोच, गल्लत बहुधा इथेच होते.)

पडताळायचं तर फळीवर एक पुस्तक ठेवून फळी हळूहळू उचला, घसरण्याचा कोन टिपा. मग त्यावर आणखी दोन पुस्तकं दोऱ्याने घट्ट बांधून पुन्हा करा. कोन जवळपास तोच येईल. पृष्ठावर तेल सांडलं किंवा यंत्राची थरथर बसत असली, तर मात्र १० अंशांच्या पाचरेचाही भरवसा धरू नका.