वंशाचे गुण वजा

"पहिलं सिझर झालं, म्हणजे दुसरंही सिझरच ना?" गोव्यातल्या आमच्या साखळी गावात बाळंतपणाचा विषय निघाला की कुणीतरी हे विचारतंच. तसं काही नाही. गर्भाशयावरचा जुना छेद खाली, आडवा असेल आणि बाकी गुंतागुंत नसेल, तर पुष्कळ जणींची पुढची प्रसूती नैसर्गिक होते. मात्र कळांच्या ताणाने जुना व्रण उसवण्याचा थोडा धोका असतो, म्हणून डॉक्टर आधी शक्यता जोखतात.

त्यासाठी अमेरिकेत २००७ साली एक गणिती सूत्र आलं. वय, उंची-वजनाचं प्रमाण, आधीची बाळंतपणं, सिझरचं कारण असं भरायचं. त्यात आणखी दोन प्रश्न होते: बाई कृष्णवर्णीय आहे का? हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची, आहे का? 'हो' म्हटलं की यशाची शक्यता घटायची. बाकी सगळं तेच असलं तरी!

मूळ नोंदींत या बायकांच्या नैसर्गिक प्रसूती खरंच कमी होत्या. पण लग्न झालेलं असणं आणि विम्याचा प्रकार यांचाही यशाशी संबंध त्याच नोंदींत दिसला होता. ते सूत्रात घेतले नाहीत, वंश घेतला. मला खटकतं ते हेच. समाजाने दिलेली वागणूक गर्भाशयाचा गुणधर्म म्हणून मोजली गेली. आकडा कमी दिसला की कल सिझरकडे, आणि नव्या नोंदींत पुन्हा तेच चित्र. शिवाय प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) व्रणात रुतण्याचा धोका वाढतो, आणि तो रक्तस्राव जिवावर बेततो.

२०२१ मध्ये वंश वगळून नवं सूत्र आलं. अंदाज बिघडला नाही.

मातामृत्यूंची दरी मात्र आहेच. २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गौरवर्णीय १४.५. शिक्षणाने ही दरी बुजत नाही.

आपल्याकडे केसपेपरवर वंशाचा रकाना नसतो. पण पर्वरीत इमारतीच्या कामावर आलेली, कन्नड बोलणारी गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. पहिल्या सिझरचे कागद गावी राहिलेले. छेद आडवा होता की उभा, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि आज टेबलापलीकडून विचारणाऱ्याला तिची भाषा येत नाही.