लेकराची दुधाची दाढ काढल्यावर घरी काय सांभाळाल

दाढ काढली तिथे कापसाचा बोळा ठेवला आहे. तो अर्धा तास घट्ट चावून धरू द्या. रक्त थांबलं का म्हणून सारखा उचलून पाहू नका. त्या दिवशी थुंकी लालसर येतेच. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी खूप वाटतं.

जखमेपेक्षा आम्हाला धास्ती ओठाची असते. इंजेक्शनची बधिरता साधारण दोन-तीन तास राहते. खालची दाढ काढली असेल तर अर्धा ओठ जड पडतो, लेकरू तो चावत बसतं आणि दुखत नाही म्हणून थांबतही नाही. संध्याकाळी ओठ टम्म सुजतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा चट्टा दिसतो. पू झाला म्हणून घरचे घाबरतात. बहुतेक वेळा तो चावल्याचा व्रण असतो, आठ-दहा दिवसांत भरून येतो. चोपडा-यावलकडे एसटीने परतणार असाल तर लेकराच्या तोंडाकडे लक्ष ठेवा आणि बधिरता उतरेपर्यंत खायला काही देऊ नका.

मग कुस्करलेलं केळं, दहीभात, गार केलेली मुगाची खिचडी द्या. शेवभाजी, ठेचा, बिबडे दोन-तीन दिवस नकोत. उसाचा रस किंवा सरबत स्ट्रॉने तर नकोच, कारण ओढताना खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निसटते. म्हणूनच पहिले 24 तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. बाकीचे दात त्याच रात्री ब्रशने घासा. जखमेत हळद, लवंगतेल, मशेरी काहीही भरू नका.

दुखलं तर लेकराच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिनची गोळी लहान मुलांना देऊ नये, अर्धीसुद्धा नाही.

स्वच्छ कापडाची ओली घडी अर्धा तास चावूनही रक्त वाहतच असेल, ताप आला, गालाची सूज वाढत गेली किंवा तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर लगेच फोन करा.

आणखी एक. “दुधाचीच होती, पडणारच होती,” असं म्हणून पुढची भेट टाळू नका. त्या जागी पक्की दाढ 10 ते 12 वर्षांच्या सुमारास येते. सहा-सात वर्षांच्या लेकराची दाढ गेली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नवीचा रस्ता अडतो. गरज असेल तर जागा धरून ठेवणारी तारेची कडी, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवतो. तो असेपर्यंत चिक्की आणि चिकट चॉकलेट बंद, आणि सैल वाटला की दाखवायला आणा.