फोनमधून डॅककडे : एका वाटेची पार्श्वभूमी

गोव्यातल्या पुष्कळ घरांत ॲम्प्लिफायर आधी आला आणि मोबाइल फार उशिरा. जहाजावर काम करणारे तारवटी आणि आखातात नोकरीला गेलेली माणसे सुट्टीवर येताना डेक, ॲम्प, भलेमोठे स्पीकर घेऊन येत. त्यातली काही यंत्रे पेडण्यापासून काणकोणपर्यंत आजही वाजतात. कॅसेटना मात्र इथल्या पावसाळ्याने टिकू दिले नाही. फितीवर बुरशी चढू लागली तशी सप्ताहातली भजने, नाट्यगीतांच्या बैठका, तियात्रांतली कांतारां आधी सीडीवर, मग संगणकात आणि शेवटी फोनच्या कार्डात गेली. संग्रह खिशात आणि स्पीकर खोलीत, अशी स्थिती झाली. हेडफोनच्या भोकातून तार ओढून ॲम्पला लावणे हा सर्वांनी केलेला उपाय. बाहेरचा डॅक, म्हणजे अंकरूप (डिजिटल) आवाजाचे ॲम्पला समजणाऱ्या ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारे यंत्र, लावून तेच काम नीट करणे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात यायला आणखी बरीच वर्षे लागली. तार त्याआधीपासून मिळत होती. अडत होते ते परवानगीपाशी: आधी फोन बनवणाऱ्यांच्या, मग फोनमधल्या प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या).

सीडी १९८२ ची. तिच्या प्लेअरमधून अंकरूप आवाज ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल तारेने बाहेर काढण्याची सोय त्याच दशकातली. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचा पहिला सामायिक आराखडा १९९८ मध्ये आला आणि त्याची एक मर्यादा आजही स्वस्त डॅकवर छापलेली दिसते. त्या वेळच्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक गठ्ठा जाई आणि आवाजासाठी त्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावत. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) स्टिरिओ आवाज मिलिसेकंदाला ५७६ बाइट घेतो, तो बसतो. १९२ किलोहर्ट्झला ११५२ लागतात, ते बसत नाहीत. म्हणून पहिल्या आराखड्यावरचा डॅक ९६ वर थांबतो. २००६ च्या दुसऱ्या आराखड्याने जलद यूएसबीचा आधार घेऊन ही भिंत पाडली. डॅकने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे माहिती मागवायची आणि पाठवणाऱ्याने त्याच्या वेगाने द्यायची, ही पद्धत पहिल्या आराखड्यातही होती, पण ती रुळायला वेळ लागला.

हे सगळे संगणकासाठी होते. यूएसबीच्या जगात एक यजमान असतो आणि बाकीची उपकरणे त्याच्या आज्ञेत असतात. संगणकाला जोडलेला फोन हा आज्ञेतला. फोनने स्वतः यजमान व्हावे यासाठी २००१ च्या शेवटी जी पुरवणी आली तिला आज प्रत्येक मोबाइल दुकानदार ‘ओटीजी’ म्हणून ओळखतो. प्लगमधली एक जादा पिन जमिनीला (ग्राउंडला) जोडली की फोनने यजमान व्हायचे, एवढीच युक्ती. वीज किती द्यायची याबाबत मात्र पुरवणी फार कंजूष होती: फोनने किमान ८ मिलिअँपिअर दिले तरी पुरे. संगणकाचे पोर्ट ५०० पर्यंत देत असे आणि बहुतेक डॅक त्याच भरवशावर बनवलेले होते. फोन आणि डॅकच्या पुढच्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी हा विजेचा प्रश्न आहे.

आयपॉड-आयफोनच्या बाजूला वाट आणखी अरुंद होती. ३० पिनांच्या खाचेतून आवाज अंकरूपात बाहेर काढायचा तर जोडलेल्या यंत्रात कंपनीने मान्य केलेली ओळख पटवणारी चिप हवी. २००८ मध्ये असा पहिला डॉक बाजारात आला. किंमत चैनीची, त्यामुळे इथल्या बाजाराला त्याचा स्पर्शही झाला नाही. खरे दार उघडले ते २०१० मध्ये, आणि तेही आडवाटेने. आयपॅडसाठी कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेण्याचा एक छोटा जोड विकायला आला. लोकांनी त्यात कॅमेऱ्याऐवजी यूएसबी डॅक खोचून पाहिला आणि आवाज आला. कंपनीने त्याची जाहिरात केली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या आयपॅडच्या प्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीने त्या पोर्टची वीज १०० मिलिअँपिअरवरून २० वर आणली आणि काल चालत असलेला डॅक आज ‘जास्त वीज घेतो’ म्हणून नाकारला जाऊ लागला. लोकांनी मध्ये स्वतंत्र अडॅप्टरवाला हब बसवला: टॅब्लेट, जोड, हब, हबचा चार्जर, डॅक, ॲम्प. गाणे ऐकायला टेबलभर तारा. ज्या यंत्राचा सगळा डौल सुटसुटीतपणात, त्याच्याकडून लोकांना हे करावे लागले, याबद्दल कंपनीला दोष द्यायलाच हवा. २०१३ च्या आवृत्तीनंतर आयफोनवरही हाच कॅमेऱ्याचा जोड डॅकसाठी चालू लागला. विजेची वेगळी खाच असलेला जोड यायला २०१६ उजाडले.

अँड्रॉइडने यजमान होण्याची सोय २०११ मध्ये दिली, पण ती किबोर्ड, माउस, पेनड्राइव्हपुरती धरून चालावी अशी. २०१२ नंतर काही महागड्या फोनांवर डॅक चालू लागला. शेजारच्या फोनवर तोच डॅक मुका. खरे तर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे लिनक्समध्ये, दुसऱ्या आराखड्याचा आधार २०१० पासून होता, तर विंडोजवर त्याच डॅकसाठी २०१७ पर्यंत वेगळा ड्रायव्हर घालावा लागे. फोनच्या पोटात क्षमता होती आणि फोन विकणाऱ्याने ती बंद ठेवलेली, असा प्रकार अनेकदा घडला. या कोंडीतून वाट काढली ती एका लहानशा प्लेअर ॲपने. २०१३ च्या सुमारास त्याने प्रणालीला बाजूला ठेवून डॅकशी बोलणारा स्वतःचा ड्रायव्हर ॲपमध्येच घातला. पैसे देऊन घ्यावे लागणारे ते ॲप होते, तरी लोकांनी घेतले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अँड्रॉइडने यूएसबी डॅकला अधिकृत मान्यता दिली आणि बहुतेक लेखांत हा इतिहास इथे संपवला जातो.

मला मात्र खरा वाद इथे सुरू झालेला दिसतो. डॅक ओळखला गेला, दिवा लागला, आवाज आला. पण सीडीवरून उतरवलेले गाणे लावल्यावर डॅकवर आकडा ४८ दिसू लागला. सीडीचा वेग ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून: सुरुवातीला अंकरूप आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, आणि सेकंदाला ६० क्षेत्रे (म्हणजे अर्धी चित्रे), प्रत्येकात वापरात येणाऱ्या २४५ रेषा, रेषेवर ३ नमुने, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. ५० क्षेत्रांच्या युरोपीय पद्धतीत २९४ रेषा धरल्या की उत्तर तेच. ४८ हा प्रसारणाचा आणि पुढे अंकरूप व्हिडिओचा आकडा. फोन हे बोलण्याचे, कॅमेऱ्याचे आणि व्हिडिओचे यंत्र, त्यामुळे सुरुवातीच्या काही फोनांनी ४४.१ ठेवले असले तरी कारखाने हळूहळू ४८ वर स्थिरावले.

प्रणालीचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. फोनमध्ये एकाच वेळी गाणे, संदेशाची टिंग, नकाशाची सूचना आणि येणारा कॉल वाजू शकतो. हे सगळे एकत्र करायचे तर त्यांचा वेग एक हवा. म्हणून मध्ये एक मिश्रक बसवला, त्याला एकच वेग ठरवून दिला आणि जे येईल ते त्या वेगात बदलून घेतले. वाहन चालवताना गाण्यामुळे वळणाची सूचना ऐकू आली नाही तर तो दोष कोणालाच परवडणारा नाही. पण हा बदल सरळ नाही. ४४.१ चे ४८ करायचे तर गुणोत्तर १६० ला १४७ असे येते. जवळजवळ प्रत्येक नमुना नव्याने मोजावा लागतो, मूळचा क्वचितच तसाच उरतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा हिशेब दोन नमुन्यांमध्ये सरळ रेघ ओढून उरकलेला होता, बॅटरी वाचावी म्हणून. पुढे तो बराच सुधारला.

कानाला कळते का? चांगल्या हिशेबाने केलेला बदल ओळखता येत नाही, असे म्हणणारे अभियंते आहेत आणि त्यांची मोजमापे खोटी नाहीत. पण डॅक घेणाऱ्याने पैसे मोजले ते मध्ये कोणी हात न घालता फाइल जशी आहे तशी डॅकपर्यंत पोचावी म्हणून. ती पोचते की नाही, हे त्याला विचारल्यावाचून ठरवले गेले. आवाज लहान करण्याचे कामसुद्धा मिश्रकातच होते आणि १६ बिटांतच हिशेब करणाऱ्या वाटेवर त्यात बारीक तपशील गळतात. गोव्यातल्या श्रोत्यासाठी हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. इथल्या जुन्या गायिकांच्या, केरी-कुर्डीपासून मंगेशीपर्यंतच्या कलावंतांच्या तबकड्या सीडीवर उतरल्या त्या ४४.१ मध्ये. अशा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत १० किलोहर्ट्झच्या वर खरखरीखेरीज फारसे काही नसते हे मान्य. तरी एकदा फितीवर, एकदा सीडीवर असा दोनदा प्रवास केलेल्या आवाजाला तिसऱ्यांदा विनाकारण हात लागू नये, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. ज्यांनी मागणी केली त्यांना वर्षानुवर्षे ‘हौशी’ म्हणून बाजूला ठेवले गेले. आयफोनच्या बाजूला जोडलेला डॅक चालवेल त्या वेगाशी जुळवून घेण्याची मोकळीक ॲपला बरीच आधी मिळाली होती. म्हणजे अडचण न सुटणारी होती असेही नाही.

अँड्रॉइडमध्ये ती अधिकृतपणे सुटली २०२३ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत. यूएसबी डॅक जोडलेला असताना मिश्रकाला बगल देऊन फाइल जशीच्या तशी पाठवण्याची परवानगी ॲप आता मागू शकते. पाचव्या ते चौदाव्या आवृत्तीपर्यंतची ९ वर्षे त्या लहान प्लेअर ॲपने, आणि त्याचे पाहून आलेल्या इतरांनी, भरून काढली.

मधल्या काळात हेडफोनचे भोकच गेले. २०१६ मध्ये आयफोनने ते काढले. काही अँड्रॉइड फोनांनी त्याच वर्षी थोडे आधी. निर्णयावर राग खूप झाला, पण डॅकच्या इतिहासात त्याचा परिणाम उलटा आहे: घरोघरी डॅक गेला तो यामुळेच. जुना हेडफोन लावण्यासाठीच्या बोटाएवढ्या पांढऱ्या जोडात खराखुरा डॅक आहे हे तो वापरणाऱ्या लाखो लोकांच्या गावीही नव्हते. टाइप-सीच्या बाजूला घोळ झाला. टाइप-सीच्या आराखड्यात साधा ॲनालॉग आवाज त्याच खाचेतून काढण्याची मुभा होती, त्यामुळे काही कंपन्यांनी फोनमधला डॅक ठेवून बिनचिपचा जोड दिला, काहींनी चिपवाला. दिसायला दोन्ही सारखे. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानातून आणलेला जोड एका फोनवर वाजतो आणि दुसऱ्यावर मुका राहतो, त्यामागे बहुधा हे कारण असते. चिपवाला जोड सहसा सगळीकडे चालतो, आयफोनवाल्यांचा टाइप-सी जोडही, जरी काही अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज लहान येतो.

२०२१ मध्ये एका मोठ्या संगीतसेवेने २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतची गाणी जादा पैसे न घेता दिली आणि ४८ च्या वरचे ऐकायचे तर बाहेरचा डॅक हवा असे स्वतःच सांगितले. २०२३ मध्ये आयफोनही टाइप-सीवर आला. कॅमेऱ्याच्या जोडाची गरज संपली.

उरलेल्या अडचणी जुन्याच आहेत. खाच एकच, त्यामुळे डॅक लावल्यावर चार्जिंगचे काय हा प्रश्न येतो. चार्जिंगची वेगळी खाच असलेला जोड घेतला तर जुन्या ॲम्पबरोबर जमिनीच्या तारेतून गुणगुण शिरू शकते. स्वतःची बॅटरी असलेला डॅक त्यावर बरा पडतो आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर हेडफोनवर तरी ऐकणे चालू राहते. चौदाव्या आवृत्तीची परवानगी प्रत्येक फोनने दिलेली नाही आणि प्रत्येक ॲपने मागितलेली नाही. म्हणून नवा फोन घेताना सीडीवरून उतरवलेली एक फाइल आणि आकडा दाखवणारा डॅक बरोबर न्यावा. दुकानातच लावून पाहावे. आकडा ४४.१ दिसला तर वाट मोकळी आहे. ४८ दिसला तर आधी प्लेअर ॲप बदलून पाहावे, मग फोन.