बावीसचं पिस्तूल अडतं का? थोडी पार्श्वभूमी

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात काडतुसाचं कुणाला नवल नाही. वरणगावच्या कारखान्यात 1964 पासून लष्करासाठी काडतुसं बनतात, तिथल्या पाळ्यांवर इथली कितीतरी घरं उभी राहिली. तरी .22 च्या (म्हणजे साधारण 0.22 इंच जाडीची गोळी उडवणाऱ्या) नेमबाजी पिस्तुलाचा विषय निघाला की पोरं एकच सांगतात: ‘पिस्तूल खराब आहे, जाम होतं.’ मला हे पटत नाही. जुना इतिहास बघितला तर बोट आधी काडतुसाकडे जातं.

आज सगळीकडे चालणारं .22 लाँग रायफल काडतूस 1887 चं. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही हेच. ठोक्याने पेटणारं मिश्रण ओलं असतानाच पितळी नळीत टाकतात आणि नळी गरगर फिरवतात, म्हणजे ते बुडाच्या कडेत जाऊन बसतं. कडेचा एखादा भाग रिकामा राहिला आणि ठोका मारणारी पिन नेमकी तिथेच आदळली, तर पितळेवर ठसा उमटतो, पण बार होत नाही. तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा भरलं तर पुष्कळदा उडतं. पिस्तूलही तेच आणि पिनही तीच. 1920 च्या दशकात बंदुकीची नळी न गंजवणारी मिश्रणं रुळली आणि साफसफाईचा मोठा जाच गेला, पण कडेची ही अडचण आजही आहे.

खरा घोळ ‘बिघाड’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे सगळ्यालाच ‘जाम’ म्हणतात. स्पर्धेचे नियम मात्र मान्य आणि अमान्य असे दोन बिघाड मानतात. काडतूस उडालं नाही, काडतुसाची रिकामी नळी बाहेर पडली नाही, पिन तुटली, तर बिघाड मान्य आणि भरपाईची संधी मिळते. सेफ्टी काढायची राहिली, मॅगझीन (काडतुसांची पेटी) नीट बसलं नाही, ट्रिगर पुरता पुढे येऊ दिला नाही, तर अमान्य. आणि अडलेलं पिस्तूल बघून सवयीने स्लाईड (वरचा सरकता भाग) ओढली, तर मान्य होऊ शकणारा बिघाडही हातचा जातो. पिस्तूल निशाण्याकडेच धरून हात वर करायचा, बस. रॅपिड फायर या झटपट नेमबाजीच्या प्रकारात पाच गोळ्यांना 8, 6 आणि शेवटी 4 सेकंद असतात. तेवढ्यात हात आवरणं सोपं नाही. काडतूस नेमबाजानेच आणलेलं, मग काडतुसाची चूक मान्य का करायची, असा वाद घालणारे आहेत. कडेत मिश्रण पुरतं बसलंय की नाही हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, म्हणून मला नियम रास्त वाटतो.

रॅपिड फायरमध्ये 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत आखूड .22 शॉर्ट चालायचं. धक्का कमी, म्हणून पिस्तुलंही त्याच हिशेबाने बनवलेली. 2005 पासून लाँग रायफल सक्तीचं झालं आणि ती महागडी पिस्तुलं कपाटात गेली. 2012 ला लंडनमध्ये भारताला याच प्रकारात रौप्य मिळालं, ते नव्या नियमांखाली.

आपल्याकडे भर पडते ती उन्हाची. .22 च्या गोळीवर बाहेरून मेणाचा हात असतो. मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास गेला की मेण मऊ होतं, धूळ धरतं आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खाचेच्या) तोंडाशी काळा, चिकट थर जमतो. पुढचं काडतूस केसभर बाहेर राहतं. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, तरी पिस्तूल अडतंच. दोन्ही वेळा रेंजवर पोरगं पिस्तूलच झटकताना दिसतं, आणि मॅगझीन काढून बघायला सांगावं लागतं.