स्टॉलचा आकडा कन्व्हर्टरच्या डब्यात नसतो

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याने तिथे एक जुना शेवरोले सिल्व्हरॅडो घेतला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक. त्यात 5.3 लिटरचं व्ही-8 पेट्रोल इंजिन आहे. जनरल मोटर्सने हे इंजिन 1999 सालापासून ट्रकांत इतकं घातलं की तिकडच्या भंगारात ते सहज आणि स्वस्त मिळतं. हाताशी पैसे थोडे आणि हौस मोठी, म्हणून त्याने त्यावर टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, चढवला. गेल्या महिन्यात रात्री फोन आला. "मामा, टॉर्क कन्व्हर्टर कुठला घेऊ? दुकानदार म्हणतो 3200 स्टॉलचा घे. मित्र म्हणतो 2400 पुरे झाला." टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा गोल डबा.

मी विचारलं, "3200 कुठल्या इंजिनाच्या मागे?"

"कुठल्या म्हणजे? कन्व्हर्टर 3200 चा आहे ना."

हा गैरसमज एकट्या माझ्या भाच्याचा नाही. पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवताना मला तो वर्षानुवर्षं भेटला आहे, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गॅरेजांतही भेटतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी 'स्टॉल' या शब्दाचा घोळ मिटवू. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं, असं आपण म्हणतो. इथे अर्थ जवळजवळ उलटा आहे. मुलुंडला एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चालू असताना मी जेसीबी बघत उभा राहायचो. पुढचं बकेट मातीच्या ढिगात रुततं, चाकं जागच्या जागी थांबतात, इंजिन मात्र गरजत राहतं आणि बंद पडत नाही. एका ठरावीक वेगावर अडून ते ढिगाला रेटत राहतं. जेसीबीत टॉर्क कन्व्हर्टर असतो. बाहेरची बाजू पूर्ण थांबलेली असताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिन मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर अडतं, तो स्टॉल स्पीड.

कन्व्हर्टर समजावताना दोन पंखे समोरासमोर ठेवतात: एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. उदाहरण खरं आहे, पण ते फ्लुइड कपलिंगचं आहे. त्यात जेवढा टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, आत जातो तेवढाच बाहेर येतो. टॉर्क कन्व्हर्टर तो दुप्पट, कधी अडीचपट करून देतो. ही करामत तिसऱ्या चक्राची आहे आणि दोन पंख्यांच्या उदाहरणात नेमकं तेच गळतं.

डब्याच्या आत बघू. डब्याला इंजिनाकडून गती मिळते. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या अर्ध्या भागात पाती बसवलेली असतात, तो पंप. तो फिरला की आतलं तेल बाहेरच्या कडेकडे फेकलं जातं. समोर दुसरं पात्यांचं चक्र आहे, टर्बाइन, आणि ते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेलं असतं. तेल त्याच्या कडेवर आदळतं, वाकड्या पात्यांवरून सरकत मधल्या भागाकडे येतं आणि बाहेर पडताना उलट दिशेला वळलेलं असतं. असं वळणंच फायद्याचं. खोपोलीच्या ज्या वीजकेंद्राने 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तिथे पेल्टन चक्रं बसवली होती. त्यांच्या वाट्या पाण्याला नुसतं अडवत नाहीत, आल्या दिशेने मागे फिरवतात. धार सपाट फळीवर आदळून थांबली तर एक हिस्सा जोर मिळतो, वाटीत वळून परतली तर जवळजवळ दोन हिस्से. टर्बाइनची पाती हेच करतात.

अडचण पुढे येते. परतणारं तेल आता इंजिनाच्या उलट दिशेला फिरतं आहे. ते तसंच पंपात शिरलं तर इंजिनालाच ब्रेक लागेल. म्हणून दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं लहान चक्र बसवतात. ते तेलाला पुन्हा इंजिनाच्या दिशेला वळवतं. तेल वळवायला जोर लागतो आणि तो स्टेटर गिअरबॉक्सच्या स्थिर कवचावर पाय रोवून मिळवतो. हिशेब सोपा आहे: टर्बाइनवरचा टॉर्क म्हणजे पंपाचा टॉर्क अधिक स्टेटरचा टॉर्क. जास्तीचा पीळ कवचाच्या आधारावर मिळाला, ऊर्जा मात्र कणभरही वाढली नाही. टॉर्क वाढतो तेव्हा फेऱ्या कमी झालेल्या असतात. गाडीने वेग घेतला आणि टर्बाइन पंपाच्या वेगाच्या साधारण 85 ते 90 टक्क्यांवर पोचलं की तेल स्टेटरच्या पाठीवर आदळू लागतं. स्टेटर एकाच दिशेला फिरू देणाऱ्या क्लचवर बसवलेला असल्याने तो मोकळा होऊन तेलाबरोबर फिरू लागतो आणि कन्व्हर्टर नुसतं कपलिंग उरतो. हे त्या तेलाच्या दिशेनेच ठरतं, कुणाला कळ दाबावी लागत नाही. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं ते मोटारींसाठी नव्हे, तर जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन वेगात फिरायचं, पंख्याला संथ फिरायला हवं होतं.

आता भाच्याचा प्रश्न. पंप किती टॉर्क पेलतो? दर सेकंदाला फेकल्या जाणाऱ्या तेलाचं वजन अवलंबून असतं वाटेच्या क्षेत्रफळावर (व्यासाचा वर्ग) आणि तेलाच्या वेगावर (फेऱ्या गुणिले व्यास). म्हणजे फेऱ्या गुणिले व्यासाचा घन. त्या तेलाला मिळणारा फिरता वेग पुन्हा फेऱ्या गुणिले व्यास. आणि टॉर्क मोजताना केंद्रापासूनचं अंतर, म्हणजे आणखी एकदा व्यास. सगळं गुणलं की फेऱ्यांचा वर्ग आणि व्यासाचा पाचवा घात मिळतो. पाचवा घात रोजच्या यंत्रांत क्वचितच दिसतो, म्हणून मला हे सूत्र फार आवडतं. पात्यांचा आकार तोच ठेवून व्यास 300 मिलिमीटरवरून 250 केला, तर त्याच फेऱ्यांना पेलला जाणारा टॉर्क फक्त 40 टक्के उरतो. मोठा कन्व्हर्टर 1700 वर अडत असेल, तर त्याच टॉर्कला हा लहान 2700 च्या आसपास अडेल.

हेच सूत्र उलटं वाचलं तर डबा तोच असताना स्टॉल स्पीड टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. समजा भाच्याचं इंजिन टर्बोविना 400 न्यूटन-मीटर देतं आणि टर्बो भरल्यावर 710. हे प्रमाण 1.775 पट, त्याचं वर्गमूळ साधारण 1.33. जो कन्व्हर्टर साध्या इंजिनामागे 2400 ला अडेल, तोच टर्बोच्या जोरावर 3200 ला अडेल. दुकानदार आणि मित्र कदाचित एकाच डब्याबद्दल बोलत होते.

टर्बोच्या गाडीत यामुळे एक सुंदर गुंता तयार होतो. टर्बोला फिरायला इंजिनाच्या एक्झॉस्टचा पुरेसा झोत लागतो आणि कमी फेऱ्यांवर तो नसतो. कन्व्हर्टर फार घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा, असेल तर इंजिन 1700-1800 लाच अडकतं, टर्बो झोपलेलाच राहतो आणि सिग्नल सुटल्यावर गाडी उचलत नाही. थोडा सैल असेल तर इंजिन थांबलेल्या गाडीतच टर्बो जागा होईल तिथवर जातं. दाब वाढला की टॉर्क वाढतो, टॉर्क वाढला की स्टॉल वर सरकतो, फेऱ्या वाढल्या की दाब आणखी वाढतो. इंजिनाने टर्बोविनाच हा उंबरठा गाठायला हवा, पुढचं चक्र आपोआप चालतं. म्हणून निवड करताना इंजिनाची सर्वात मोठी हॉर्सपॉवर विचारून उपयोग नाही. टर्बो कुठल्या फेऱ्यांना भरू लागतो आणि त्या क्षणी, दाब येण्याआधी, इंजिन किती टॉर्क देतं, हे दोन आकडे हवेत.

फार सैल घेतला तर किंमत उष्णतेत मोजावी लागते. स्टॉलवर बाहेर काहीच फिरत नाही, म्हणून इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवते. 100 किलोवॅट म्हणजे सेकंदाला 100 किलोज्यूल. आठ लिटर तेल, वजन सात किलोच्या आसपास, एक अंश तापायला सुमारे 14 किलोज्यूल. म्हणजे दर सेकंदाला सात अंश! दहा सेकंद ब्रेकवर धरून ठेवलं की तेल सत्तर अंशांनी चढलं. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा लांबवू नका असं सांगतात ते याचसाठी. मी भाच्याला म्हटलं, कन्व्हर्टरच्या आधी मोठा ऑइल कूलर घे. तो स्वस्त असतो आणि गिअरबॉक्स वाचवतो.

'हा कन्व्हर्टर बसवा, इतकी हॉर्सपॉवर वाढवा' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. कन्व्हर्टर शक्ती निर्माण करत नाही, थोडी गमावतोच. इंधनाच्या नळीवर लोहचुंबक लावून अ‍ॅव्हरेज वाढतं, हाही तसलाच दावा. आणि नव्या ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याच दिवशी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग बघा. तेल करपून काळं पडलं असेल तर ते दृष्ट लागल्यामुळे नाही.

हे आपल्याकडे करून बघावं असं वाटणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. शिवाय ऑटोमॅटिक म्हणजे कन्व्हर्टर असंही नाही, एएमटीच्या गाडीत, म्हणजे जिथे साधाच गिअरबॉक्स यंत्राने बदलला जातो तिथे, नेहमीचाच क्लच असतो.

भाच्याने शेवटी नवा महागडा नाही, 250 मिलिमीटरच्या आसपासचा, दुरुस्त करून विकलेला घेतला. दुकानदाराला त्याने टर्बोविनाचा टॉर्क, ट्रकचं वजन, मागच्या डिफरेन्शियलचा रेशो आणि टायरची उंची कळवली. पंपाची पाती भट्टीत ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, पक्की केली आहेत ना, एवढं मी विचारायला लावलं, कारण जास्त टॉर्कखाली नुसती दुमडून बसवलेली पाती सैल होतात. आतला लॉक-अप क्लच, म्हणजे टर्बाइनला डब्याशी थेट जोडणारा, मूळचाच आहे, म्हणून टर्बोच्या पूर्ण दाबावर तो लागू द्यायचा नाही असं ठरलं.

बसवायच्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओतलं, शाफ्टवर चढवला आणि फिरवत आत ढकलला. एकदा टक् झालं, दुसऱ्यांदा झालं. तो बोल्ट उचलायला निघाला. मी ओरडलो, "थांब, अजून एक आहे." गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचेत डबा बसला नसताना बोल्ट आवळले तर पहिल्याच स्टार्टला तो तेलपंप फुटतो. त्याने पुन्हा फिरवला. तिसरा टक् मुलुंडपर्यंत ऐकू आला. मग फ्लेक्स प्लेटपर्यंतची, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या चकतीपर्यंतची, फट मोजली, चार मिलिमीटर.