हिवाळ्यातल्या पोटुशी आणि रेशनचं दप्तर

सप्टेंबर १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात होतं. दोस्त राष्ट्रांच्या फौजा तिथे उतरल्या आणि लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या डच सरकारने रेल्वे कामगारांना संपावर जायला सांगितलं. सुटका आता दारात आली, असा सगळ्यांचा अंदाज. पण ऱ्हाइन नदीवरचा आर्नेमचा पूल काही दोस्तांच्या हाती आला नाही. संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं अन्न रोखलं. पुढे बंदी थोडी सैल झाली, तर थंडीने कालवे गोठले आणि धान्याच्या नावा जागीच अडकल्या.

ॲमस्टरडॅममध्ये फेब्रुवारीत रेशनवर माणशी ५८० च्या आसपास कॅलरी मिळत होत्या. आपल्या हिशेबाने दिवसाला पाच-सहा कोरड्या पोळ्या. लोकांनी साखरेचं बीट खाल्लं, ट्यूलिपचे कंदसुद्धा उकडून खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत सुमारे २०,००० माणसं गेली होती.

एवढ्या हालातही रेशनच्या आणि बाळंतपणाच्या नोंदी टिकून राहिल्या. (कारकुनांचे उपकार विज्ञान सहसा मोजत नाही.) त्यामुळे कोणत्या बाईला कितव्या महिन्यात किती कमी अन्न मिळालं, याचा अंदाज पुढे बांधता आला. आधीही पोट भरत होतं, नंतरही. मधलेच काही महिने उपासाचे. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू धजणार नाही.

शेवटच्या महिन्यांत आईची उपासमार झाली, ती बाळं हलकी जन्मली. हे अपेक्षितच होतं. चकित केलं ते दुसऱ्या गटाने. गर्भ राहिला तेव्हा उपासमार आणि पुढे पोटभर जेवण, अशा आयांची बाळं वजनाला चांगली होती. मोठेपणी मात्र त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसले. २००८ मध्ये अशा साठीच्या आसपासच्या माणसांचं रक्त त्यांच्याच भावंडांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा (डीएनएला चिकटणारे छोटे रासायनिक गट) त्यांच्यात कमी होत्या. डीएनएची अक्षरं तीच, वरच्या खुणा तेवढ्या वेगळ्या. आजारपण या खुणांमुळेच आलं, असं मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांत असाच माग काढला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हडकुळी. पण त्या मानाने अंगातली चरबी जास्त. या खेड्यांत युद्ध नव्हतं, नाकेबंदी नव्हती. निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व मात्र कमी निघालं.