धोका न कळणं वेगळं आणि हात न पोचणं वेगळं

मार्च लागला की आमच्या रत्नागिरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वणव्यात जळलेल्या आंबा-काजूच्या बागांचे फोटो यायला लागतात आणि खाली तेच वाक्य, गावच्या लोकांना धोकाच कळत नाही, मानसिकता बदलली पाहिजे. हा 'मानसिकता' शब्द वाचला की खरंच वैताग येतो. धोका न दिसणं आणि धोका दिसूनही काही करता न येणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हींवर एकच औषध देतात, जनजागृतीचा बॅनर.

सोपं आधी उरकतो. राब आणि वणवा एक नाही, राबाला तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर शेण-पातेरा (वाळका पाला)-गवत पसरून माणूस उभा राहून भाजतो आणि वणवा म्हणजे सुटलेली आग. राबातून वणवा लागतो, तसा तो विडीतून, शिकारीतून, तारेच्या ठिणगीतूनही लागतो. पुढे.

आता खरा घोळ. बाग वाचवायची तर पाऊस गेल्यावर बेणणी करावी लागते, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आतून सगळ्या बाजूंनी गवत काढून, पातेरा ओढून पट्टा मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे आग आत सरकत नाही. आता एखाद्याने पट्टा मारला नाही की बघणारा लगेच ठरवतो, याला भीतीच नाही. म्हणजे माणसाच्या डोक्यात काय आहे हे त्याच्या बागेतल्या गवतावरून ठरवायचं. इथेच चुकतं.

आमची काकी बघा. वय ६८, गावात एकटी. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली त्यानंतर काकाने लावलेली काजू आहे, वर्षाचा पैसा त्यातूनच. दुपारी वारा सुटला की ती ओटीवर येऊन सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाकडे बघत राहते, धूर एका जागी उभा असला तर कुणाचातरी राब, सरकायला लागला तर गवत पेटलं, हे तिला घरात बसून कळतं. गेल्या वर्षी मी तिला शहाणपणाने म्हटलं, काकी, गवत केवढं वाढलंय, धोका आहे. तर म्हणाली, "माझे डोळे काय फुटलेत काय रे? पण बेणायला माणूस कुठं हाय?" मला लाज वाटली.

आणि ही एकट्या काकीची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झालेली, सिंधुदुर्गाचीही कमीच झाली. कमावती पोरं मुंबई-पुण्यात, मागे म्हातारी माणसं आणि बायका. म्हणजे ज्यांना धूर सगळ्यात आधी दिसतो त्यांच्याच हातात कोयता धरायचं बळ नाही, गड्याची मजुरी द्यायला पैसा नाही, आणि खूपदा सातबाऱ्यावर नावही नाही, त्यामुळे जमीनमालकांना काय वाटतं असं विचारत कुणी आलं तरी त्यांना विचारत नाही.

उलट चाकरमानी मालक. पैसे पाठवू शकतो पण त्याला धोका खरंच दिसत नाही, कारण तो येतो गणपतीत आणि तेव्हा सगळं हिरवंगार असतं, शिमग्याला आला तरी दोन दिवस पालखीत जातात. बागेवर त्याची चूल पेटत नाही. अशा माणसाला फोटो पाठवा, समजावून सांगा, फरक पडतो, मी बघितलंय. जनजागृती करायचीच तर ती दादरला करा, काकीच्या अंगणात नको!

एक प्रकार मात्र दोन्हींच्या मधला आहे. चाळीस वर्षं राब भाजलेला म्हातारा म्हणतो, आगीला काय घाबरायचं. त्याचं ज्ञान खोटं नाही, वारा कसा फिरतो ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण तो भरवसा त्या काळातला आहे जेव्हा हाक मारली की वाडीतले वीस गडी ओल्या फांद्या घेऊन धावायचे, आज चार येतील आणि त्यातल्या दोघांचे गुडघे दुखतात. आणि ज्याने डिसेंबरातच पट्टा मारलाय तोही म्हणतो, मला भीती नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याने काम केलंय. पाहणी करताना नुसतं 'किती भीती वाटते' विचारलंत तर हे दोघं एकाच रकान्यात जाऊन बसतील.

म्हणून माझं ठाम मत, प्रश्न दोन विचारा. आग आली तर तुमचं काय जाईल? आणि पट्टा मारायला नेमकं काय अडतं? पहिल्याला उत्तर आलं नाही तर समजवा. दुसऱ्याला "माणूस नाही" आलं तर समजावणं थांबवा आणि ग्रासकटर घेऊन दोन गडी पाठवा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग पकडून एसएमएस पाठवतं, चांगलंच आहे, पण विझवायला शेवटी फांदी धरणारा हातच लागतो.

या वर्षी आम्ही चौघा चुलतभावांनी दिवाळीनंतर वर्गणी काढून काकीच्या बागेची बेणणी करून घेतली. तीन बाजू साफ झाल्या. चौथ्या गडग्यापलीकडे कमरेएवढं गवत उभं आहे, त्या जागेचे मालक मुंबईत कुठेतरी असतात आणि त्यांचा नंबर अख्ख्या वाडीत कुणाकडे नाही.